टॅब्लॉइड आणि ब्रॉडशीट: फरक कागदाच्या आकाराचा की पत्रकारितेचा?

सोलापूरकर

नमस्कार. पत्रकारिता पदविकेच्या वर्गाला ब्रिटिश वृत्तपत्रांविषयी शिकवताना एक अडचण दरवर्षी येते, म्हणून हा धागा काढत आहे. आमच्याकडे वर्षानुवर्षे फिरणाऱ्या टिपणांत असे लिहिलेले असते की ब्रॉडशीट म्हणजे राजकारण, अर्थकारण आणि परराष्ट्र व्यवहार यांना वाहिलेले मोठ्या आकाराचे गंभीर दैनिक, तर टॅब्लॉइड म्हणजे त्याच्या निम्म्या आकाराचे, छायाचित्रे, भडक मथळे, गुन्हे आणि नटनट्यांच्या भानगडी यांवर चालणारे दैनिक. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत मधोमध उभी रेघ मारून दोन बाजूंना हे उतरवतात आणि त्यांना गुणही मिळतात. परंतु लंडनचा ‘टाइम्स’ २००४ पासून पूर्णपणे लहान आकारात निघतो, ‘गार्डियन’ २०१८ पासून टॅब्लॉइड आकारात छापला जातो, आणि तरीही या दोघांना ‘सन’ या भडक टॅब्लॉइडच्या पंगतीला कोणी बसवत नाही. एखाद्या चौकस विद्यार्थ्याने एवढे विचारले की टिपणांतले उत्तर तिथेच कोसळते.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे की आकार आणि वृत्ती यांची सांगड मुळात पडली कशी, ती आज कितपत शिल्लक आहे, आणि अंक समोर ठेवून फरक दाखवायचा झाल्यास नेमके काय दाखवावे. ‘डेली मेल’ कोणत्या बाजूला लिहायचा, हाही प्रश्न आहेच. त्यावर परीक्षकांमध्येच एकमत नाही.

टेम्सकाठ

सांगड बरीच उशिरा पडली आणि फार दिवस टिकलीही नाही, असे माझे मत आहे. ते का, हे जरा तपशिलात सांगतो.

मोठ्या पानाचे एक मूळ करात आहे. ब्रिटनमध्ये १७१२ साली वृत्तपत्रांवर मुद्रांक कर बसला आणि तो छापील तावावर आकारला जाऊ लागला, त्यामुळे कमी तावांत अधिक मजकूर बसवण्याकडे प्रकाशकांचा कल झाला आणि ताव हळूहळू मोठा होत गेला. १८१५ मध्ये हा कर प्रतीमागे ४ पेनीपर्यंत चढला होता, आणि कष्टकरी माणसाच्या हाती रोजचा अंक पडू नये ही इच्छा त्यामागे नव्हती असे म्हणणे कठीण आहे. १८५५ मध्ये कर रद्द झाला, त्याच वर्षी ‘डेली टेलिग्राफ’ सुरू झाला. परंतु तोवर यंत्रांची मापे आणि वाचकांची सवय दोन्ही मोठ्या पानाला बसून गेली होती. गांभीर्याचा आणि या मापाचा तेव्हा काहीही संबंध नव्हता, कारण सगळेच त्या मापात छापत होते.

खपाऊ पत्रकारितेचा जन्मही याच मोठ्या पानावर झाला, ही गोष्ट आपल्या टिपणांत सहसा नसते. अल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी १८९६ मध्ये अर्ध्या पेनीला विकायला काढलेला ‘डेली मेल’ छोट्या बातम्या, सोपी भाषा आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र मजकूर घेऊन आला, पण तो १९७१ पर्यंत ब्रॉडशीटच होता. ‘डेली एक्सप्रेस’ लहान झाला तो १९७७ मध्ये. गुन्हे आणि लफडी यांवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेला रविवारचा ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ १८४३ मध्ये निघाला आणि १९८४ पर्यंत मोठ्याच पानावर छापला गेला. म्हणजे आज आपण ज्याला टॅब्लॉइड मजकूर म्हणतो, तो आकाराच्या कितीतरी आधी तयार होता. याउलट प्रतिष्ठेची खूण म्हणाल तर ‘टाइम्स’च्या पहिल्या पानावर ३ मे १९६६ पर्यंत बातमी नसे, छोट्या जाहिराती असत.

लहान पानाची परंपरा ‘डेली मिरर’ने रुजवली. तो १९०३ मध्ये स्त्रियांचे दैनिक म्हणून निघाला, चालला नाही, पुढच्याच वर्षी छायाचित्रांचे दैनिक झाला आणि १९६० च्या दशकात त्याचा खप ५० लाखांवर गेला. खरे वळण त्यानंतरचे आहे. रुपर्ट मरडॉक यांनी १९६९ मध्ये तोट्यातला ‘सन’ विकत घेतला, जो तोपर्यंत ब्रॉडशीट होता, आणि त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला तो टॅब्लॉइड करून बाजारात आणला. १९७८ मध्ये त्याने खपात ‘मिरर’ला मागे टाकले. लहान पान म्हणजे उथळ मजकूर आणि मोठे पान म्हणजे गंभीर मजकूर हे समीकरण ब्रिटिश वाचकाच्या मनात घट्ट झाले ते याच काळात, म्हणजे १९७० पासून साधारण २००३ पर्यंत.

ते मोडले गंभीर दैनिकांनीच. ‘इंडिपेन्डन्ट’ने सप्टेंबर २००३ च्या अखेरीस एकच मजकूर दोन्ही आकारांत विकायला सुरुवात केली, दोन महिन्यांत ‘टाइम्स’ने तोच मार्ग धरला, आणि २००४ संपण्यापूर्वी दोघांनीही मोठा आकार सोडून दिला. आपल्याला कोणी टॅब्लॉइड म्हणू नये म्हणून दोघेही स्वतःला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणवून घेत, यावरूनच त्या समीकरणाचा धाक किती होता ते कळते. आज लंडनच्या राष्ट्रीय दैनिकांपैकी ‘डेली टेलिग्राफ’ आणि ‘फायनान्शियल टाइम्स’ एवढेच मोठ्या पानावर उरले आहेत.

विद्यार्थ्यांना ब्रिटनबाहेरची दोन उदाहरणे अवश्य द्यावीत. जर्मनीचा ‘बिल्ड’ हा १९५२ पासून भडक मथळ्यांचा आणि प्रचंड खपाचा पेपर, पण त्याचे पान ब्रॉडशीटएवढे मोठे. स्पेनचा ‘एल पाईस’ १९७६ मध्ये, हुकूमशहा फ्रँकोनंतरच्या लोकशाहीच्या उंबरठ्यावर निघाला; तो गंभीर दैनिकांत गणला जातो आणि त्याचे पान पहिल्यापासून लहान आहे.

मग ब्रिटनमध्येच हा भेद एवढा टोकदार का झाला? माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर वितरणात आहे. देश लहान, रात्री लंडनमध्ये छापलेले अंक रेल्वेने पहाटेपर्यंत बहुतेक शहरांत पोहोचत, आणि सकाळी एकाच दुकानाच्या फळीवर दहा-बारा राष्ट्रीय दैनिके शेजारी शेजारी मांडलेली असत. अशा गर्दीत प्रत्येकाला आपला वाचकवर्ग निवडावा लागला आणि तो वर्ग लांबूनही ओळखेल असा चेहरा धारण करावा लागला. अमेरिकेत बहुतेक शहरांत एखादेच मोठे दैनिक टिकले, त्याला सर्वांनाच सांभाळून घ्यावे लागे; टॅब्लॉइडची खरी चुरस तिथे दिसली ती न्यूयॉर्कसारख्या भुयारी रेल्वेच्या शहरात.

जुळारी

वरील माहितीला छापखान्याच्या बाजूने थोडी जोड देतो. मी मुंबईत आधी एका इंग्रजी टॅब्लॉइडची आणि नंतर एका मराठी दैनिकाची पाने लावली आहेत, त्यामुळे आकाराचा काहीच परिणाम होत नाही, या निष्कर्षापर्यंत कोणी जाऊ नये असे वाटते.

प्रथम माप. ब्रॉडशीटचे एक पान आडवे दुमडले की टॅब्लॉइडची दोन पाने होतात. त्यामुळे त्याच रिळावर, त्याच यंत्रावर, फक्त पाने आडवी लावून आणि एक घडी वाढवून ८ पानी ब्रॉडशीटऐवजी १६ पानी टॅब्लॉइड काढता येतो. ‘गार्डियन’ने २००५ मध्ये निवडलेला बर्लिनर आकार मात्र (साधारण ३१५ × ४७० मिमी) या हिशेबात बसत नाही, त्याला छापण्याचा सिलिंडरच वेगळ्या मापाचा लागतो. म्हणून त्यांना सुमारे ८ कोटी पौंड खर्चून नवी यंत्रे घ्यावी लागली आणि तेरा वर्षांनी ती सोडून, दुसऱ्या समूहाच्या छापखान्यात छापता यावे यासाठी, सरळ टॅब्लॉइड व्हावे लागले. तो निर्णय काटकसरीचा होता. संपादकीय धोरण बदलले म्हणून पान लहान झाले, असे कोणी समजू नये.

आता पान लावणाऱ्याला जाणवणारा फरक. आठ कॉलमी पहिल्या पानावर मुख्य बातमी, तिच्या खांद्याला दुसरी, मध्ये छायाचित्र, तळाला अँकर (पानाच्या तळाशी आडवी लावलेली बातमी), कडेला एककॉलमी तुकडे अशा सहा-सात बातम्या सहज बसतात. त्यांच्या जागेवरून आणि मथळ्याच्या टाइपावरून संपादकाच्या मते कोणती बातमी किती मोठी, हे वाचकाला एका नजरेत कळते आणि पटले नाही तर तो तिसरी बातमी आधी वाचतो. टॅब्लॉइडच्या पहिल्या पानावर ही उतरंडच राहत नाही. तिथे एक बातमी, एक छायाचित्र आणि आत काय आहे ते सांगणारी एक पट्टी एवढीच जागा असते. म्हणजे रोज कोणती तरी एक गोष्ट ‘सर्वांत मोठी’ ठरवावीच लागते, मग त्या दिवशी खरोखर मोठे काही घडलेले असो वा नसो. शांत दिवशी संध्याकाळी पाच वाजता वृत्तसंपादक टेबलापाशी येऊन “आज पहिल्याला काय?” असे विचारतो, तेव्हा मोठ्या पानावर चार मध्यम बातम्यांनी वेळ निभते. लहान पानावर एखादी मध्यम बातमी फुगवल्याशिवाय गत्यंतर नसते. ‘इंडिपेन्डन्ट’ लहान झाल्यावर त्याचे पहिले पान अनेकदा एकाच विषयावरील मतप्रदर्शनाच्या भित्तिपत्रकासारखे दिसू लागले, अशी टीका झाली. ती अनाठायी नव्हती, आणि ते पान पाहताना मला त्यामागची ही अडचणही दिसत असे.

मथळ्याचेही तेच. मोठ्या पानावर चार कॉलमांत दोन ओळींचे पूर्ण वाक्य बसते, त्यात कर्ता, क्रियापद आणि ‘असा आरोप’ किंवा ‘सूत्रांची माहिती’ यांसारखी सावधगिरीची पुस्ती येऊ शकते. लहान पानावर तीन शब्द मिळतात, आणि तीन शब्दांत पहिला बळी जातो तो या पुस्तीचाच.

जाहिरात विभागाचे दुखणे वेगळे असते. पूर्ण पानाची जाहिरात देणारा ग्राहक पान निम्मे झाल्यावर दरही निम्मा मागतो, तर पेपर म्हणतो की वाचकाच्या नजरेसमोर पान तर पूर्णच आहे. आकार बदलण्याचा निर्णय संपादकांपेक्षा या वादावर जास्त अडतो, असे माझे निरीक्षण आहे.

सोलापूरकर

दोघांचेही आभार. सावधगिरीची पुस्ती गळते हा मुद्दा मला फार उपयोगी वाटतो, कारण तो अंक हातात घेऊन दाखवता येईल. मात्र टॅब्लॉइड म्हणजे बेजबाबदार आणि ब्रॉडशीट म्हणजे विश्वासार्ह, हा भाग तरी टिपणांत ठेवण्याजोगा आहे का?

निळी शाई

माझ्या मते तोच भाग सर्वांत आधी काढून टाकावा. एकेका बाजूचा पुरावा पाहू.

‘सन’च्या विरुद्ध पुरावा भक्कम आहे, यात शंका नाही. फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाची ‘बेलग्रानो’ ही युद्धनौका २ मे १९८२ रोजी बुडवली गेली आणि ४ मेच्या अंकाची पहिली आवृत्ती ‘गॉचा’ या एका शब्दाच्या मथळ्याने निघाली. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर ‘कसा धरला!’. मनुष्यहानी किती मोठी असू शकते याची कल्पना आल्यावर नंतरच्या आवृत्तीत मथळा बदलला गेला. त्या हल्ल्यात ३२३ माणसे मरण पावली. १९८९ मध्ये हिल्सबरो या फुटबॉल मैदानावरील चेंगराचेंगरीनंतर याच दैनिकाने ‘सत्य’ अशा मथळ्याखाली लिव्हरपूलच्या प्रेक्षकांवर, त्यांनी मृतांचे खिसे कापल्यापर्यंतचे, आरोप छापले. ते खोटे होते. २०१२ च्या स्वतंत्र अहवालाने ते स्पष्ट केल्यावर ‘सन’ने पहिल्या पानावर माफी मागितली, पण लिव्हरपूलमधील बहिष्कार त्यानंतरही चालूच राहिला. २०११ मध्ये मोबाइल संदेश चोरून ऐकण्याच्या प्रकरणात ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ला १६८ वर्षांनंतर टाळे लागले.

आता दुसरी बाजू. १९८३ मध्ये हिटलरच्या म्हणून गाजलेल्या बनावट रोजनिशा ब्रिटनमध्ये छापायला घेतल्या त्या ‘संडे टाइम्स’ने, म्हणजे शंभर टक्के ब्रॉडशीटने; त्याच वृत्तपत्राने त्याआधी अकरा वर्षांपूर्वी थॅलिडोमाइड औषधामुळे व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांचा प्रश्न न्यायालयाची मनाई अंगावर घेऊन लढवला होता. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाचे प्रकरण थंड पडत असताना १४ फेब्रुवारी १९९७ रोजी पहिल्या पानावर पाच संशयितांची छायाचित्रे नावांसह छापून, त्यांना खुनी म्हणून, ‘आम्ही चुकीचे असू तर आमच्यावर दावा लावा’ असे जाहीर आव्हान दिले ते ‘डेली मेल’ने. कोणीही दावा लावला नाही, आणि २०१२ मध्ये त्यांपैकी दोघांना शिक्षा झाली. एखादे काटेकोर ब्रॉडशीट असे पान छापण्यास धजावले असते, असे मला वाटत नाही. छापावे की नाही, यावर कायद्याच्या अंगाने वाद घालता येईल. २००९ मध्ये खासदारांच्या खर्चाची बिले बाहेर काढली ‘डेली टेलिग्राफ’ने, पण त्यासाठी माहितीची तबकडी पैसे मोजून मिळवली होती, जी सवय आपण नेहमी टॅब्लॉइडच्या नावावर टाकतो.

म्हणून जबाबदारीचा निकष प्रत्येक वृत्तपत्राला आणि प्रत्येक बातमीला वेगळा लावावा लागतो. एखाद्या दैनिकाला एकदाच शिक्का मारून काम भागत नाही. फरक शिकवायचा असेल तर मी तो मागणीचा शिकवीन: टॅब्लॉइड वाचकाकडे आधी भावना मागतो, मग लक्ष. ब्रॉडशीट आधी वेळ मागते.

रद्दीवाला

मुंबईचा उल्लेख वर येऊन गेला, म्हणून थोडेसे. रूसी करंजिया यांचे १९४१ मध्ये सुरू झालेले ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक टॅब्लॉइड आकाराचेच होते, आणि नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील १९५९ च्या खुनाच्या खटल्यात त्याने आरोपीच्या बाजूने जी मोहीम चालवली, ती टॅब्लॉइडची ताकद आणि धोका एकाच ठिकाणी दाखवते. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि तरीही लोकमत इतके तापलेले होते की अखेर माफी मिळाली. त्यानंतर १९७९ चा ‘मिड-डे’, २००५ चा ‘मुंबई मिरर’ (जो २०२० च्या अखेरीस दैनिक म्हणून बंद पडला) आणि मराठीत, अंगावर हल्ले घेऊनही लिहीत राहिलेले निखिल वागळे यांचे ‘आपलं महानगर’ ही याच घराण्यातली. चौघांत मजकुराचे साम्य फारसे नाही. साम्य आहे ते वापरात: लोकलमध्ये खांद्याला खांदा लागलेला असताना मोठा पेपर उलगडता येत नाही, त्याची आधी उभी आणि मग आडवी अशी वीतभर पट्टी करून वाचावा लागतो, तर हा तसाच धरता येतो.

आपल्याकडची मोठी दैनिके घरपोच येतात आणि बिल महिन्याच्या अखेरीस दिले जाते. मथळा पाहून त्या दिवशीचा अंक घ्यावा की नाही, हे कोणी ठरवत नाही; स्टेशनच्या स्टॉलवर विकल्या जाणाऱ्या सांध्यदैनिकाला मात्र रोज नव्याने ग्राहक मिळवावा लागतो. म्हणून इथे भडकपणाचा उगम पानाच्या मापापेक्षा स्टॉलवर जास्त सापडेल. आणि २००९ च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजचा (पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या प्रचाराचा) जो गदारोळ महाराष्ट्रात उठला, त्यात बोटे रोखली गेली ती आठ कॉलमी, घरपोच, प्रतिष्ठित दैनिकांकडे, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हरकत नसावी.

टेम्सकाठ

‘डेली मेल’चे उत्तर राहून गेले होते. ब्रिटनमध्ये सामान्यतः तीन गट मानतात. ‘सन’, ‘मिरर’, ‘स्टार’ हे लाल नाममुद्रेचे (म्हणजे पहिल्या पानावर वर आपले नाव लाल रंगात मिरवणारे) खपाऊ पेपर. ‘मेल’ आणि ‘एक्सप्रेस’ हे मधल्या बाजारपेठेचे. आणि ‘टाइम्स’, ‘गार्डियन’, ‘टेलिग्राफ’, ‘फायनान्शियल टाइम्स’ हे गंभीर. ‘मेल’चा आकार टॅब्लॉइड, नाममुद्रा काळ्या जुन्या वळणाच्या अक्षरांत, आतील लेख बरेच लांब आणि मथळे मात्र ‘सन’इतकेच धारदार. तेव्हा दोन बाजूंऐवजी तीन आखल्यास परीक्षकांचा वाद मिटेल.

वर्गात दाखवण्यासाठी मी ४ नोव्हेंबर २०१६ चे अंक सुचवीन. ब्रेक्झिटची प्रक्रिया संसदेच्या संमतीशिवाय सुरू करता येणार नाही, असा निर्णय लंडनच्या उच्च न्यायालयातील तीन न्यायाधीशांनी आदल्या दिवशी दिला होता. ‘डेली मेल’ने त्या तिघांची छायाचित्रे छापून खाली मथळा दिला: ‘जनतेचे शत्रू’. त्याच दिवशी ‘डेली टेलिग्राफ’नेही त्याच तिघांची छायाचित्रे निळ्या छटेत छापली आणि मथळा दिला: ‘न्यायाधीश विरुद्ध जनता’. पडद्यावर दोन्ही पाने सारख्याच उंचीची करून शेजारी शेजारी दाखवावीत, वरची नावे झाकावीत आणि मोठ्या पानाचे दैनिक कोणते ते विद्यार्थ्यांना ओळखायला सांगावे. ‘जुळारी’ यांनी सांगितलेली उतरंड, म्हणजे कडेच्या आणि तळाच्या इतर बातम्या, ज्याच्या लक्षात येतील तो बरोबर ओळखेल. जो फक्त मथळे वाचेल त्याला ओळखणे अवघड जाईल.